मान, मोबदला आणि सीट

मागून धडक बसली की बंपर किती चेपला ते कुणालाही दिसतं. मान किती दुखते ते ज्याचं त्यालाच ठाऊक. एवढ्याशा फरकावरून युरोप-अमेरिकेत डॉक्टर, वकील, विमा कंपन्या आणि गाड्यांचे इंजिनीअर यांच्यात अनेक दशकं वाद चालू आहे. त्या वादाच्या दोन्ही बाजू इथे एकाच घरातल्या आहेत. मामांनी नोकरीभर विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्यांचे सर्व्हे केले, आता निवृत्त आहेत. भाची चाकणच्या एका कारखान्यात सीटच्या सांगाड्यांचं डिझाइन करते. मामांच्या गाडीत मागच्या सीटवर बसताना तिला हेडरेस्ट दिसल्या नाहीत, आणि विषय निघाला.

भाची : मामा, मागच्या हेडरेस्ट कुठे गेल्या?

मामा : माळ्यावर, पिशवीत बांधून ठेवल्यात. अगदी कोऱ्या आहेत. त्यांच्यामुळे आरशात मागचं काही दिसत नव्हतं. आणि मागे बसतं कोण? तुझी मामी, नाहीतर भाजीच्या पिशव्या. तसंही त्या काढता येतात त्या वेगळ्याच कामासाठी. गाडी पाण्यात पडली तर त्या दांड्यांनी काच फोडायची. ग्रुपवर आलं होतं.

भाची : ग्रुपवर काहीही येतं. सीटची घडी घालता यावी, लहान मुलाची सीट नीट टेकावी म्हणून ती निघते. बाकी तिचं काम एकच, मागून धक्का बसला की डोकं सावरायचं. मामीचं डोकं तू भाजीच्या पिशव्यांत धरलंस म्हणायचं.

मामा : अगं, मागून ठोकलेल्या गाड्या मी काय कमी पाहिल्यात? बंपर, डिकीचं दार, टेललाइट, फार तर मागचा फ्लोअर. ज्याची गाडी ठोकली तो उतरून भांडायला तयार असतो, त्याची मान ठणठणीत असते. मान दुखते म्हणणारा दुसऱ्या दिवशी उगवतो, आणि तेसुद्धा मेव्हण्याने सांगितलं म्हणून.

भाची : दुसऱ्या दिवशी दुखणं यात खोटं काय? आठवड्याने व्यायाम केलास तर तुझे पाय कधी धरतात? आधी धक्का बसतो तेव्हा होतं काय ते ऐक. तू सिग्नलला उभा आहेस. मागून टेम्पो आदळला. गाडी पुढे ढकलली गेली, तिच्याबरोबर सीटची पाठ आली आणि तिने तुझं धड पुढे लोटलं. डोक्याला मात्र कुणीच लोटलेलं नाही, ते आहे तिथेच राहू बघतं. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात धड डोक्याखालून पुढे सरकतं. त्या क्षणी मानेचे खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे. मान एस अक्षरासारखी होते. येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या मानेच्या मणक्यांवर प्रयोग करून १९९७ मध्ये हे दाखवलं. मणक्यांच्या मागच्या बाजूला जे छोटे सांधे असतात त्यांच्यावर ताण येतो तो याच वेळी, डोकं मागे झुकण्याच्याही आधी.

मामा : पण हेडरेस्ट आली ती डोकं मागे झुकू नये म्हणूनच ना?

भाची : आली त्याच समजुतीने. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या सीटांना ती सक्तीची झाली. मान मागे लोंबली की इजा होते, तेवढं थांबवलं की झालं, असा हिशेब होता. पुढे १९८२ मध्ये तिथल्या सरकारनेच फायदा किती झाला ते तपासलं. सीटबरोबर घडवलेल्या उंच हेडरेस्टने मागच्या धडकेतल्या इजा १७ टक्क्यांनी कमी झाल्या, वर-खाली करता येणाऱ्यांनी १० टक्क्यांनी.

मामा : बघ! दहा टक्के! एवढ्यासाठी मी माळा उपसू?

भाची : दहाच का, ते विचार की. लोक ती वर करतच नव्हते. सगळ्यात खालच्या खाचेत बसलेली हेडरेस्ट मानेमागे येते, डोक्यामागे नाही. आणि डोक्यापासून लांब असेल तर ती भेटेपर्यंत एसचा आकार होऊन गेलेला असतो. वाहन विम्याच्या पैशावर चालणारी अमेरिकेतली आयआयएचएस ही संशोधन संस्था आहे. तिने १९९५ मध्ये नव्या मॉडेलांच्या हेडरेस्टची फक्त उंची आणि डोक्यापासूनचं अंतर मोजलं. चांगल्या म्हणाव्यात अशा निघाल्या जेमतेम तीन टक्के. तू बस बघू पुढे, नेहमी बसतोस तसा.

(मामा ड्रायव्हरच्या सीटवर टेकून बसतात. भाची त्यांच्या डोक्यामागे आडवा हात घालते. चार बोटं सहज जातात, अंगठाही जातो. हेडरेस्टचा वरचा काठ कानाच्या पाळीशी आहे. ती बटण दाबून दोन खाचा वर ओढते, मग सीटची पाठ दोन टप्पे सरळ करते. आता मधे दोन बोटं मावतात.)

मामा : असं ताठ बसवतेस होय? लग्नाच्या फोटोला बसल्यासारखं!

भाची : सीट जितकी मागे रेललेली, तितकं डोकं आणि हेडरेस्ट यांतलं अंतर जास्त. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीला हवा, निदान कानाच्या वर तरी. आणि मागचं अंतर जमेल तितकं कमी. अमेरिकेच्या सुधारित नियमात पुढच्या सीटला हे अंतर ५५ मिलिमीटरच्या आत असावं लागतं. तुझं पाच बोटं होतं.

मामा : मान्य, भौतिकशास्त्र तुझं. आता माझ्या धंद्यातलं ऐक. लिथुएनियात एक पाहणी झाली, १९९६ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. एक ते तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या गाडीला मागून धडक बसली होती अशी २०२ माणसं गाठली, आणि तुलनेला अपघात न झालेली माणसं. त्या काळी तिथे अशा दुखण्याचा विमा फारसा कुणाला नव्हता, मानदुखीला मोबदला मिळतो हे डोक्यातही नव्हतं. निष्कर्ष काय? धडक बसलेल्यांत आणि न बसलेल्यांत जुनाट मानदुखीचा फरकच नाही. मोबदला नाही, तर दुखणंही नाही.

भाची : त्या २०२ जणांत अपघातानंतर लगेच मान दुखल्याचं सांगणारे किती होते?

मामा : एकतीस.

भाची : मग जुनाट दुखणं शोधायचं ते त्या एकतिसांत. पंधरातल्या एकाचं दुखणं टिकत असेल तर एकतिसांत मिळणार दोन. तेवढ्यावरून ‘नाहीच’ म्हणायचं?

मामा : हा आक्षेप लोकांनी तेव्हाच घेतला होता. म्हणून त्यांनी पुन्हा केलं, अपघात झाल्या झाल्या लोकांना गाठून. १९९९ मध्ये छापलं. या वेळी २१० माणसं होती, जवळजवळ निम्म्यांना सुरुवातीला मान किंवा डोकं दुखलं. मानदुखी जास्तीत जास्त टिकली १७ दिवस. वर्षाने पाहिलं तर इतरांत आणि त्यांच्यात फरक नाही. आता बोल. आणि जर्मनीत तर कमाल केली. ५१ जणांना गाडीत बसवून धडकेचा नुसता आभास केला, मानेला प्रत्यक्ष धक्का जवळपास शून्य. तरी पुढच्या काही दिवसांत पाचातल्या एकाने तक्रार केली.

भाची : म्हणजे भीतीनेही मान दुखते. ते मी नाकारत नाही. पण सगळंच भीतीतून किंवा हावेतून येतं असं म्हणायचं तर ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचं काय करशील? अपघातानंतर वर्षानुवर्षं मान दुखणारे २४ रुग्ण. नेमका कुठला सांधा दुखतो हे आधी बधिर करणारी इंजेक्शनं देऊन, फसवी इंजेक्शनंही मधे घालून, पक्कं केलेलं. मग निम्म्यांच्या त्या सांध्याची नस सुईने तापवून बंद केली. उरलेल्यांना तेवढाच वेळ तीच सुई, पण न तापवलेली. कुणाला कुठली हे ना रुग्णाला माहीत, ना तपासणाऱ्याला. दुखणं निम्म्यावर परत यायला पहिल्या गटात मधला काळ लागला २६३ दिवस, दुसऱ्यात ८ दिवस. मोबदल्याची हाव असती तर सुई तापली आहे की नाही हे त्या हावेला कसं कळलं?

मामा : (थोडं थांबून) चोवीसच माणसं, आणि तीही निवडून घेतलेली.

भाची : हो. सगळ्यांचंच दुखणं त्या सांध्यात असतं असं त्यातून ठरत नाही. काहींचं नक्की असतं, एवढं ठरतं.

मामा : ठीक आहे. काहींचं असेल. पण मी सांगतो कायदा बदलला की काय होतं ते. कॅनडात सस्कॅचेवान नावाचा प्रांत आहे. तिथे गाड्यांचा विमा सरकारी. १ जानेवारी १९९५ ला नियम बदलला. दुखण्या-सोसण्याचे पैसे कोर्टात जाऊन मागायचे नाहीत, उपचाराचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च मिळेल. तेच रस्ते, तीच माणसं, त्याच गाड्या, त्याच तुझ्या सीटा. मानेचे दावे २८ टक्क्यांनी उतरले. आधी एक दावा मिटायला मधला काळ ४३३ दिवस लागायचा, तो दोनशेच्या आसपास आला. आणि जिथे दावे मिटायला वेळ लागला तिथे माणसं बरी व्हायलाही वेळ लागला. इंग्लंडने तर शेवटी दरपत्रकच काढलं. मे २०२१ मध्ये ते लागू झालं तेव्हा तीन महिन्यांत बऱ्या होणाऱ्या मानेला २४० पौंड होते, दुखणं जास्त टिकलं तर पुढचा दर. दावे सांगणाऱ्या एजंटांनी तिथे धंदा मांडला होता.

भाची : सस्कॅचेवानचं उदाहरण चांगलं आहे, कारण त्यात एकच गोष्ट बदलली. सीट तीच ठेवली, कायदा बदलला, आणि आकडा हलला. आता उलट बघू. कायदा तोच ठेवला आणि सीट बदलली, तर?

मामा : तर काय?

भाची : तुझं म्हणणं पूर्ण खरं असेल तर काहीच व्हायला नको. दावा करणाऱ्याला आपल्या सीटच्या पोटात काय आहे याचा पत्ता नसतो. गाडी घेताना लोक मायलेज विचारतात, सीटची पाठ मागे-पुढे करणारा रिक्लायनर कुठल्या जातीचा आहे हे विचारणारा मी आजवर पाहिला नाही. सीटमधले हे बदल पहिल्यांदा स्वीडनमध्ये झाले. १९९७ मध्ये साबने नव्या ९-५ गाडीत एक हेडरेस्ट दिली. सीटच्या पाठीत एक पट्टी आणि तरफ. धक्का बसला की माणसाचं धड पाठीत रुततं, पट्टी मागे जाते आणि तरफेने हेडरेस्ट वर आणि पुढे येऊन डोक्याला भेटते. सेन्सर नाही, वायर नाही, स्फोटक नाही. अंगाच्याच वजनावर काम, आणि झालं की आपोआप जागेवर. पुढच्या वर्षी व्होल्वोने एस-८० गाडीत दुसरा मार्ग काढला. हेडरेस्ट स्थिर, सीट हलणार. धक्का बसला की पाठ आधी आहे तशी सरळ मागे सरकते, म्हणजे धड आणि डोकं बरोबरीने मागे जातात. मग ती थोडी रेलते. रिक्लायनरमध्ये एक धातूचा तुकडा ठेवलेला असतो, तो वाकून धक्क्याची ऊर्जा खातो.

मामा : आणि एकदा वाकला की?

भाची : बदलायचा.

मामा : आणि ते बिल विमा कंपनीकडे. बंपर वाचला, रिक्लायनर बदला! असं एस्टिमेट माझ्यासमोर आलं असतं तर मी गॅरेजवाल्याला आधी चहा पाजला असता आणि मग ते खोडलं असतं. आणि साब तर बुडाली.

भाची : कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण हेडरेस्टमुळे नाही. आकडे ऐक. अमेरिकेत साब, जनरल मोटर्स आणि निसान यांच्या अशा पुढे येणाऱ्या हेडरेस्टच्या गाड्यांची तुलना त्याच मॉडेलांच्या आधीच्या गाड्यांशी केली. मानेचे दावे ४३ टक्क्यांनी कमी. स्वीडनमध्ये फोल्कसाम नावाची विमा कंपनी वर्षानुवर्षं अपघातांची नोंद ठेवते. तिच्या नोंदींत अशा सीटांमुळे कायम टिकणाऱ्या इजेचा धोका निम्म्याच्या आसपास उतरला. वकील तेच, कोर्टं तीच.

मामा : हं. म्हणजे कायदा बदलून आकडा हलतो आणि सीट बदलूनही हलतो.

भाची : तेच म्हणते मी. सगळं मनात असतं तर सीट बदलून काही झालं नसतं. सगळं मणक्यात असतं तर कायदा बदलून झालं नसतं. दोन्ही झालं. मग खरं कोण, खोटं कोण या भांडणात सीटचं काम कशाला अडवायचं?

मामा : थांब, इतकी घाई नको. सीट मागे सरकते म्हणालीस. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं चित्र येतं. एक्सप्रेसवेवर घाटात उभ्या गाडीवर मागून ट्रक येतो. पुढची सीट पाठीमागे आडवी होते आणि बसलेला माणूस मागच्या पोरावर जातो. असं मी पाहिलंय. त्यापेक्षा सीट भिंतीसारखी घट्ट का करत नाही तुम्ही?

भाची : आमच्या कामात सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. सीट फार मऊ केली तर मोठ्या धडकेत ती कोलमडते. अमेरिकेत सीटच्या ताकदीचा नियम १९६० च्या दशकातला आहे. तो इतका सैल आहे की त्यात पास झालेल्या सीटा प्रत्यक्ष अपघातात मोडतात, मागची मुलं दगावतात, आणि त्यावर तिथे खटले चालतात. पण नुसती घट्ट केली तर? नव्वदीच्या दशकात सीटा घट्ट होत गेल्या. स्वीडनच्या नोंदी सांगतात की ऐंशीच्या सुरुवातीच्या गाड्यांपेक्षा त्या गाड्यांत टिकाऊ मानदुखीचा धोका वाढला. फोम आणि सांगाड्याने धक्का खाल्ला नाही की तो परत फिरतो, धड उसळून पुढे येतं, आणि मान पुन्हा ओढली जाते.

मामा : मग करायचं काय? घट्ट की मऊ?

भाची : दोन्ही, पण क्रमाने. हलक्या धक्क्यात पहिल्या क्षणी पाठीचं फोम आणि वरची फ्रेम थोडी आत जायला हवी, म्हणजे धड सीटमध्ये रुततं आणि डोकं लवकर हेडरेस्टला टेकतं. त्यानंतर सांगाडा ठाम उभा राहायला हवा. फ्रेमच्या दोन उभ्या बाजू, रिक्लायनरचे दात, रुळांची पकड ही सगळी मोठ्या धक्क्याची माणसं. फोमची घनता, मधल्या तारा, हेडरेस्टच्या दांड्यांची वाकण ही हलक्या धक्क्याची. वाटलं सोपं, पण दोन्हींची जागा एकच आणि वजन मोजकं. डिझाइनच्या बैठकीत किलोभर लोखंड वाढवायचं म्हटलं की खर्चाचा माणूस आधी हात वर करतो.

मामा : आणि ही तुमची परीक्षा कोण देतं? माणूस तर नाही.

भाची : डमी. पण नेहमीची डमी इथे चालत नाही. ती समोरच्या धडकेसाठी घडवलेली, पाठ ताठ. म्हणून नव्वदीच्या दशकात स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात वेगळी डमी तयार झाली, बायोरिड. तिला माणसासारखे मानेपासून कमरेपर्यंत २४ मणके आहेत. आम्ही सीट रुळांवर सरकणाऱ्या स्लेडवर बोल्ट करतो, डमी बसवतो आणि स्लेडला झटका देतो. सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतं. मग तास न् तास स्लो मोशनमध्ये बघायचं, डोकं हेडरेस्टला कुठल्या मिलिसेकंदाला टेकलं ते.

मामा : ती डमी पुरुषाची का बाईची?

भाची : तूच विचारलंस ते बरं झालं. सरासरी पुरुषाची. आणि मानेची ही इजा बायकांना जास्त होते. वेगवेगळ्या पाहण्यांत दीडपट ते तिप्पट. फोल्कसामनेच हिशेब केला तेव्हा नव्या सीटांनी पुरुषांचा टिकाऊ इजेचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास कमी केला होता, बायकांचा पंचेचाळीस. सीट ज्याला मापून शिवली त्यालाच ती जास्त फिट बसली. स्वीडनच्या अस्ट्रिड लिंडर यांनी याच कामावर वर्षं घालवली. त्यांनी २०२२ मध्ये १६२ सेंटिमीटर उंचीची, ६२ किलोची बाईची डमी पुढे आणली. पण कुठल्या गाडीला ती कायद्याने लागत नाही.

मामा : एक सांगू? तुझ्या मामीने तिच्या गाडीतली हेडरेस्ट उलटी करून बसवली आहे. पुढची बाजू मागे. म्हणते, अंबाडा घातला की ती डोकं पुढे ढकलते आणि मान अवघडते. तिचंही चुकत नाही, मी बसून पाहिलं.

भाची : अमेरिकेत अंतर कमी करण्याचा नियम आला तेव्हा ही तक्रार तिथल्या बायकांनीही केली. उंची कमी असलेली बाई सीट सरळ करून पुढे बसते, तिच्या डोक्याला हेडरेस्ट आधीच लागते. त्यात केसांचा क्लचर किंवा अंबाडा. मग हेडरेस्ट उलटी होते आणि अंतर वाढतं. चूक मामीची नाही, मापाची आहे. पुढे-मागे होणारी हेडरेस्ट असती तर तिने उलटी केली नसती. तोवर सुलट करून सीट एक टप्पा मागे रेलव आणि अंबाडा थोडा वर बांध म्हणावं.

मामा : ते तू सांग, माझं कोण ऐकतं. पण आता शेवटचं आणि महत्त्वाचं बोलतो. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात सर्वांत जास्त दुचाकीवरची. मागे बसणारा पट्टा लावत नाही, ट्रकला मागचा दिवा नाही, महामार्गावर उलट दिशेने ट्रॅक्टर. आणि तू मानेची चाचणी मागतेस? स्वीडनचे रस्ते सुरक्षित झाले म्हणून त्यांना मानेकडे बघायला फुरसत आहे. आपण आधी माणसं जगवू, मग माना.

भाची : क्रम तुझा बरोबर आहे. दोन रुपयांपैकी एकच खर्चायचा असेल तर तो हेल्मेटवर जावा, मी वाद घालणार नाही. पण सीट तर बनतेच आहे. कारखान्यात लोखंड कापलं जातंय, फोम ओतला जातोय. हेडरेस्टची दांडी तीन सेंटिमीटर पुढे वाकवायला हेल्मेटचा कारखाना बंद करावा लागत नाही. बाहेरच्या देशांत जाणारी गाडी असली की तेच हात ती नीट करतात. नव्या गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरोपच्या एनकॅपने २००९ पासून पुढच्या सीटांची मानेची चाचणी गुणांत धरली, २०१४ पासून मागच्या सीटांची मापंही. आपलं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं, फार चांगलं झालं. समोरची धडक, बाजूची, खांबावरची, सगळं आलं. मागून धक्का देऊन मान तपासणं त्यात नव्हतं. आणि त्याच २०२२ च्या सरकारी अहवालात साधारण पाचातला एक अपघात मागून ठोकल्याचा आहे.

मामा : त्यात माना किती?

भाची : तेच तर लिहिलेलं नाही. तुझ्या सर्व्हे फॉर्मवर बंपरचा रकाना होता, डिकीचा होता, टेललाइट डावी का उजवी तेही होतं. मानेला रकाना होता का?

मामा : नव्हता. गाडीच्या नुकसानीच्या फॉर्मवर असतो कुठे? जखमी माणूस मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाणार, आणि मान दुखते एवढ्यासाठी तिथे जातो कोण? तारखा घालण्यातच मान मोडायची. वैयक्तिक अपघात विमा मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला.

भाची : म्हणजे आपण लिथुएनियासारखे. मोबदला नाही, म्हणून तक्रार नाही. फक्त लिथुएनियात कुणीतरी जाऊन माणसं मोजली. आपल्याकडे ‘दुखत नाही’ हे न मोजताच ठरलं.

मामा : मोज ना, माझी ना नाही. पण एक इशारा देतो, माझ्या धंद्याचा. मोजण्याच्या रकान्याला पैशाचा रकाना जोडलास की दुसऱ्या दिवशी इंग्लंड होतं. एजंट गॅरेजच्या दारात उभे राहतील, बंपर रंगवायच्या आधी मानेला पट्टा बांधतील.

भाची : मग जोडू नको. सर्व्हेअरने इतकंच लिहायचं, मागून धडक, पुढच्या आणि मागच्या हेडरेस्ट कुठल्या खाचेत होत्या, आणि महिन्याने एक फोन, मान कशी आहे. पैशाचा शब्द नाही. अशा दोन-चार वर्षांच्या नोंदी असल्या तर एनकॅपकडे मागायला आकडा तरी हातात असेल.

मामा : फोन करायला माणूस लागतो, आणि कुठलीही विमा कंपनी फुकट फोन करत नाही. दाव्याचा खर्च वाचतो असं दाखवलंस तर करेल. स्वीडनच्या त्या कंपनीने तेच केलं असणार. दयेपोटी कुणी नोंदी ठेवत नाही.

भाची : दया नकोच आहे. हिशेब चालेल.

मामा : आणि चाचणी आली की बाईची डमीसुद्धा हवी, हे आत्ताच लिहून ठेव. नाहीतर पुढच्या पंधरा वर्षांत पुन्हा पुरुषाच्याच मापाच्या सीटा बनवाल.

भाची : मी कशाला लिहू? सर्व्हेअरांच्या संघटनेत तू अजून जातोस ना? पत्र तुमच्याकडून गेलं तर वजन पडेल. बंपरवाल्यांनी मानेचं लिहिलंय म्हटल्यावर लोक वाचतील तरी.

मामा : मसुदा तू कर. मिलिमीटर आणि मिलिसेकंद तुझे. पैशाचं कलम मी घालतो, आणि ते पहिल्या पानावर असेल.